गाव पुरा हाय का?

नारळी पुनवेला चिखलबंदरात एक प्रश्न विचारतात आणि त्याचं उत्तर शेंबड्या पोरालाही पाठ असतं. घरटी एक नारळ देवळापुढच्या मोठ्या टोपलीत पडतो. टोपली वाजतगाजत खाडीवर जाते. नारळ पाण्यात सोडण्याआधी गावचा पाटील छाती फुगवून ओरडतो, "गाव पुरा हाय का?" त्यावर सगळा गाव एका दमात ओरडतो, "पुरा हाय!" मग नारळ जातात, बँजो सुरू होतो आणि नारळीभात खाऊन माणसं सुस्त पडतात.

गेली काही वर्षं हे उत्तर धडधडीत खोटं होतं.

चिखलबंदर म्हणजे कळव्याच्या पुढे खाडीला चिकटून बसलेलं कोळ्यांचं गाव. चहूबाजूंनी टॉवर उठले. त्यांना खाडीचा देखावा मिळाला आणि खाडीला त्यांचं सांडपाणी. मासे गेले, चिंबोऱ्या आणि चिखलात सरपटणाऱ्या निवट्या तेवढ्या उरल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ गर्द आली. कागदाच्या पुडीतली तपकिरी पावडर. आधी ती नाक्यावर, पानाच्या टपरीमागे मिळायची. दोन पोरं बिघडली तशी गावकी बसली आणि गावकीने कायदा केला की ज्याच्या घरात गर्द, त्याच्या घरचा नारळ टोपलीत घ्यायचा नाही. नारळ नाही म्हणजे हळदीचं बोलावणं नाही, मयताला खांदा नाही, होडी ओढायला हात नाही. याला सरळ भाषेत वाळीत टाकणं म्हणतात. पण वाळीत टाकणं हा सरकारदरबारी गुन्हा आहे हे गावकीला पक्कं ठाऊक होतं, म्हणून सगळे नुसतं "नारल नको" म्हणायचे. चोरी करून वर शहाणपण म्हणतात ते हेच.

कायदा केला दामाजी पाटलाने. दामाजी माणूस सोन्यासारखा, पण एकदा बोललेला शब्द मागे घ्यायचा म्हणजे त्याला अंगावरचं कातडं सोलून दिल्यासारखं वाटे. आणि त्या दिवशी सगळ्यात जोरात टाळ्या पिटल्या होत्या त्या त्याच्या बायकोने, जनीने. डोंबिवलीच्या मासळी बाजारात तिचा ओटा. तिची जीभ तिच्या कोयत्यापेक्षा धारदार आहे, असं तिची गिऱ्हाइकंच सांगत. "एकदा बंद म्हटला की बंद," ती तेव्हा म्हणाली होती.

बंद काहीच झालं नाही. गर्द नाक्यावरून उठली आणि तिवरांत गेली, खाडीकडेच्या त्या चिखलातल्या झाडीत, जिथे भरती आली की कमरेएवढं पाणी चढतं. विकणारा कोण हे कुणाला कळेना, कारण आता तो तोंडाला रुमाल बांधून यायचा. भाव मात्र वाढला आणि पुडीत काय काय मिसळलेलं असायचं ते त्याचं त्यालाच माहीत. दोन घरांचे नारळ परत गेले. त्यातलं एक घर दाराला कुलूप लावून टिटवाळ्याला निघून गेलं. आणि गावातल्याच भावनाचा थोरला मुलगा तिवरांत मेला. चिंबोऱ्या धरायला गेला होता, पाय रुतला, भरती आली, असं भावनाने सांगितलं. गावानेही तसंच म्हटलं. टोपलीत तिचा नारळ चालू राहिला.

जनीचा सुदेश एसी दुरुस्त करायचा. पोरगा वाळत चालला तेव्हा जनीने जे ओळखायचं ते ओळखलं होतं. पण आईचं मन, त्याने कामाच्या दगदगीचं नाव घेतलं की ते लगेच पटायचं. दामाजीला तर कशाचाच पत्ता नव्हता. घरात सगळ्यात उशिरा बातमी पाटलालाच कळते. मग या वर्षी एक चमत्कार झाला. सुदेश जेवायला लागला. सुकटीची चटणी आणखी मागू लागला, गालांवर मांस चढलं, सकाळी शीळ घालू लागला. दुसरी कुणी आई देवाला नारळ फोडून मोकळी झाली असती. जनी घाबरली. मासळी एकाएकी चकाकू लागली की तिला काहीतरी फासलेलं असतं, हे तिला ओट्यावरच्या आयुष्याने शिकवलं होतं. सुदेश रोज सकाळी कामाच्या आधी कल्याणला कशाला जातो, हे तिला बघायचं होतं. एके दिवशी पाटीत कोयता ठेवून ती त्याच्या मागे निघाली.

कल्याणला बाजारामागच्या गल्लीत एक पांढरी गाडी उभी होती. तिच्या दाराशी पोरांची रांग होती आणि त्या रांगेत तिचा सुदेश. दारात बसलेली एक बाई एकेकाच्या जिभेखाली गोळी ठेवत होती. जनीने पदर खोचला आणि कोयता काढला.

"गो बाय, माज्या पोराच्या तोंडात काय घालतेस?"

रांग पांगली. सुदेश भिंतीला चिकटला. ती बाई मात्र जागची हलली नाही. तिचं नाव अमृता. कल्याण पूर्वेच्या चाळीत वाढलेली, परिचारिकेचं शिक्षण घेतलेली, गळ्यात नेहमी निळा दुपट्टा. असले प्रसंग तिला नवे नव्हते.

"औषध घालते, मावशी," ती म्हणाली. "कोयता पाटीत ठेवा आणि इथे बसा. तुमच्या मुलाचा नंबर जाईल."

जनी बसली. का बसली ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. कदाचित तिच्याशी ओट्यावरच्या बाईसारखं रोखठोक बोलणारं माणूस तिला फार दिवसांनी भेटलं असावं.

अमृताने तिला सगळं समजावलं. गर्दची तलफ मारणारी ही गोळी, डॉक्टरांनी ठरवून दिलेली, रोज इथेच, डोळ्यांसमोर घ्यायची. पोरगं शुद्धीवर राहतं, कामाला जातं, हळूहळू सुटतं. सुदेशला चार महिने होत आले होते.

"म्हंजे तू बी नशाच देतेस, पन उजेडात," जनी म्हणाली.

अमृता हसली. "असं म्हटलंत तरी चालेल. मावशी, मुलं नशेने मरतात त्याहून जास्त लपण्याने मरतात. पुडीत काय आहे ते माहीत नसतं. कोणी आडवा झाला तर सोबतचे पोलिसांच्या भीतीने पळून जातात. उघड असतं, परवान्याचं असतं, तपासलेलं असतं, तर निम्मी आज जिवंत असती. विकणाऱ्याच्या घशात जातात ते पैसे दवाखान्यांना मिळाले असते. आमच्यातले काही जण हेच ओरडून सांगतात, कुणी ऐकत नाही."

"आनि आमच्यात काय करतात म्हायती हाय?" जनी म्हणाली. कायद्याला टाळ्या वाजवणारे तिचे हात मांडीवर तसेच पडून राहिले.

सुदेश त्या दिवशी तिच्याबरोबर परत आला. वाटेत एवढंच म्हणाला, "आये, गावात कलला ना, तर मी इथे नाय राहनार. निघून जाईन." आणि निघून गेला की कुठे जाईल, हे त्या दोघांनाही माहीत होतं. एकट्या पोराला गर्द फार लांब शोधावी लागत नाही.

आणि गावात कळलंच. सीतारामने बघितलं. सीताराम म्हणजे गावकीतलं दुसरं मोठं नाव, दामाजीच्या पाटीलकीवर गेली कित्येक वर्षं डोळा ठेवून बसलेला. कल्याणला टेंपो घेऊन गेला असताना त्याला ती गाडी दिसली, ती रांग दिसली आणि रांगेत पाटलाचा पोर दिसला. त्याला केवढा आनंद झाला असेल ते सांगायला नको. पुनवेच्या दिवशी, दुपारी टोपली उचलायच्या आधी गावकी बसते. तिथे सगळ्यांसमोर नाव घ्यायचं त्याने ठरवलं आणि तसं तो चार जणांत बोललाही. चार जणांत बोललेली गोष्ट चिखलबंदरात पाचव्याला कळायला वेळ लागत नाही.

आदल्या संध्याकाळी जनीने दामाजीला सगळं सांगितलं. दामाजी बराच वेळ जाळ्याची गाठ सोडवत बसला. गाठ सुटली नाही.

"नियम माजा हाय," तो शेवटी म्हणाला. "माज्या पोरासाटी मोडला तर गाव माज्या तोंडात शेन घालेल."

"आनि पालला तर?"

दामाजीचे डोळे भरून आले होते आणि ते जनीला दिसू नयेत म्हणून तो गाठीवर आणखी वाकला. जनीला त्याचा राग आला आणि त्याची कीवही आली. नियम करणाऱ्याला नियमाच्या बाहेर यायला दार नसतं. ते दार भिंतीत आपणच पाडायचं, असं तिने तिथेच मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे गाव जमला. बायका हिरव्या-लाल लुगड्यांत, अंबाड्यात फुलं, पुरुष कमरेला कोळी रुमाल नेसून, डोक्याला लाल टोप्या. मधोमध टोपली, हळदीकुंकवाने माखलेल्या नारळांनी शिगोशीग. सीताराम घसा साफ करून उठला. पण त्याचं तोंड उघडायच्या आत जनी टोपलीपाशी पोहोचली. आपल्या घरचा नारळ तिने शोधला. शेंडीला बांधलेल्या पिवळ्या दोऱ्यावरून तो तिला लगेच सापडला. तिने तो उचलला आणि काखेत धरला.

"सीतारामदादा, तू बस. तुजा काम मी करते," ती म्हणाली. "माजा सुदेश गर्द वढायचा. आता औषद घेतो. पाटलाच्या घरचा नारल मी परत घेते."

बँजोवाल्याचा हात तारेवर थांबला. सुदेश देवळाच्या खांबाला टेकून उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तो पळाला नाही.

"बरा केलंस," सीताराम म्हणाला. त्याचा घास कुणीतरी तोंडातून काढून घेतल्यासारखा त्याचा आवाज झाला होता. "नियम तो नियम. बंदी म्हंजे बंदी."

"बंदीचा मना नको सांगू," जनी वळली, आणि आता तिचा ओट्यावरचा आवाज लागला. "पावसाल्यात मासेमारीला बंदी असते. तवा वसईवरनं चोरून म्हावरा कोन आनतो? टेंपो कोनाचा? आनि ओट्याखाली ठेवून विकतो कोन? मी विकते! सांगते ना सगल्यांसमोर. बंदीत काय होतं ते मना इचार. सडकी सुरमई सोन्याच्या भावानं जाते. एरवी गिऱ्हाईक कल्ला उघडून बगतं, बोटानं दाबतं, नाक मुरडतं, वास आला तर दुसऱ्या दिवशी येऊन माज्या अंगावर फेकतं. बंदीत? बंदीत गप पिशवीत घालतं आनि पलतं. कल्ला उघडायची सोय नाय, भांडायची सोय नाय. फायदा कोनाला? तुला आनि मना."

बायकांत हशा पिकला. सीतारामची बायको विनिता सगळ्यांत मोठ्याने हसली आणि मग पदराने तोंड झाकलं.

"गर्दचा पन तसाच झाला. नाक्यावर होती तवा विकनाऱ्याला तोंड होता. तोंड होता म्हनून त्याला शिवी घालता यायची, लहान पोराला दिलीस तर टपरी जालीन म्हनता यायचा. आपन त्याला तिवरांत पाटवला. ज्याचा दुकान दिसतं त्याला कुलूप लावता येतं. तिवराला कुलूप कुटं लावतोस? सरकारनं त्याचा दुकान केला असता, डाक्टरची चिठ्ठी मागितली असती, माल तपासला असता, कर घेतला असता, तर तो रुमालवाला उपाशी मेला असता. आज त्याला सगल्यात जास्त पोसतो तो आपला नियम."

"उद्या मग घराघरात गर्द इकायला बस," कोणीतरी मागून म्हणालं.

"दारूचा दुकान नाक्यावर हाय," जनी म्हणाली. "अख्खा गाव बेवडा झाला काय? एक सीतारामदादा सोडून?"

आता पुरुषही हसले. पण हसू विरायच्या आत देवळाच्या पायरीवरून धाकूबाय बोलायला लागली. गावातली सगळ्यात म्हातारी बाई. तिचे कान गेले होते, पण तिला ऐकायचं ते तिला बरोबर ऐकू यायचं.

"माजा बापूस," ती म्हणाली, "दारूला बंदी होती तवा पियाचा. याच तिवरांत भट्टी लागायची. काय घालायचे त्यात कोन जाने. एक दिस सकाली उटला नि म्हनाला, धाकू, दिवा लाव. बाहेर लख्ख ऊन पडला होता." ती थांबली. "दुकानाची पिऊन बेवडा झाला असता बापूस. पन माजा लगीन त्याच्या डोल्यांनी बगितला असता."

धाकूबायने हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ती उठली, टोपलीपाशी आली आणि चाचपडत आपला नारळ शोधू लागली. सुदेश खांबाजवळून पुढे झाला. त्याने तो शोधून तिच्या हातात दिला.

मग भावना उठली. ती बायकांच्या घोळक्यात अगदी मागे बसलेली असायची, मुलगा गेल्यापासून तिने अंबाड्यात फूल घातलं नव्हतं. तिला वाट करून देत बायका दोन्ही बाजूंना सरकल्या.

"माजा पोरगा चिंबोऱ्यांना गेला नव्हता," ती म्हणाली.

तिचा आवाज एवढासा होता, पण तो शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला.

"त्यानं पुडी घेतली. आडवा झाला. संगती तिगं होते, तुमचीच पोरं. पलाली. मना सांगायला नाय आली. आली असती तर मी त्याला खांद्यावर घालून कलव्याच्या दवाखान्यात नेला असता. ती का नाय आली? त्यांच्या घरचे नारल गेले असते म्हनून. आनि मी खोटा का बोलले? माजा नारल गेला असता, तर त्याच्या मयताला खांदा द्यायला कोनी आला नसता म्हनून." तिने टोपलीतला आपला नारळ उचलला आणि छातीशी धरला. "भरतीनं नाय मारला माज्या पोराला."

कुणीतरी हुंदका दिला. तो एका बापाचा होता. मग एक बाई उठली आणि टोपलीकडे गेली. तिच्या मागून दुसरी. कुणी मुलाचं नाव घेत होतं, कुणी दिराचं, कुणी नवऱ्याचं. कुणी काहीच न बोलता नुसता नारळ उचलत होतं, ज्यांच्या घरात काही नव्हतं तीसुद्धा. जनीला वाटलं होतं आपण एकट्या पडू. ती त्याच तयारीने घरातून निघाली होती. आता तिच्या आजूबाजूला हातात नारळ धरलेल्या बायकांची भिंत उभी राहिली होती. सगळ्यात शेवटी विनिता उठली, सीतारामची बायको. त्याने तिचा पदर धरला. तिने तो सोडवून घेतला.

"आपला धाकटा त्या दिवशी पललेल्यांत होता," ती त्याला म्हणाली. "तुमाला म्हायत होता. मना बी म्हायत होता."

तिने नारळ उचलला. सीताराम मटकन खाली बसला.

टोपली रिकामी झाली. तळाला तेवढ्या चार झेंडूच्या पाकळ्या आणि सांडलेलं कुंकू राहिलं. बँजोवाले एकमेकांकडे बघू लागले. आता सगळ्यांच्या नजरा दामाजीकडे वळल्या. टोपली उचलायची आज्ञा पाटलाने द्यायची असते.

दामाजी टोपलीपाशी आला आणि तिच्या तळाकडे बघत राहिला. मग त्याने लाल टोपी काढून हातात घेतली.

"खाडीला रिकामी टोपली दावायला मी जानार नाय," तो म्हणाला. "सगल्या गावाला वालीत टाकून पाटील कुनाचा राहू? सरकारचा कायदा सरकार बगेल. तो बदलायला आपन भांडू. पन ह्यो नियम माजा होता, मी केला होता. मी मोडतो." तो सुदेशकडे वळला. "त्या गाडीवाल्या बायला फोन लाव. समाजमंदिराची मागची खोली रिकामी हाय म्हनावं. औषद इथंच देऊ दे, नाक्यावर, सगल्यांच्या डोल्यांदेखत. आनि टिटवाल्याला पन फोन लाव. म्हनावं तुमचा नारल घेऊन या, गाव थांबलाय."

गाव खरंच थांबला. टिटवाळ्याहून माणूस येईपर्यंत दुपार कलली, नारळीभात गार झाला, पोरं भुकेने कुरकुरली आणि चिखलबंदरात पहिल्यांदाच कुणी घाई केली नाही. ते घर आलं तेव्हा रिक्षातून उतरताना घरातल्या म्हाताऱ्याला आपल्याच गावात पाय कुठे ठेवावा कळेना. जनीने त्याचा हात धरून त्याला टोपलीपर्यंत नेलं.

टोपली पुन्हा भरली, आणि नारळ परत गेलेल्या दुसऱ्या घराचा नारळही तिच्यात पडला. ती डोक्यावर घ्यायचा मान पाटलाच्या घरचा असतो. दामाजीने टोपली स्वतः उचलली आणि सुदेशच्या डोक्यावर ठेवली. बँजो असा वाजला की समोरच्या टॉवरवरच्या बाल्कन्या माणसांनी भरल्या. जनी सगळ्यांच्या पुढे नाचत होती, एवढी वर्षं ओट्यावर बसून आखडलेले गुडघे विसरून, रडत आणि हसत. कल्याणहून धावत आलेली अमृता दुपट्टा सावरत मागे उभी होती. जनीने तिलाही नाचात ओढलं.

खाडीला भरती लागली होती. दामाजी गुडघाभर पाण्यात उतरला. पहिला नारळ पाटलाचा असतो, पण त्याने आपला बाजूला ठेवला आणि भावनाकडे हात केला. भावना पाण्यात उतरली. तिने नारळ पाण्यावर ठेवला, त्याला हळूच पुढे ढकललं आणि तो दूर जाईपर्यंत बघत राहिली.

दामाजीने छाती भरून श्वास घेतला.

"गाव पुरा हाय का?"

सगळे भावनाकडे बघत होते. भावनाने तिवरांकडे एकदा पाहिलं, मग टोपली डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या सुदेशकडे पाहिलं.

"एक कमी हाय," ती म्हणाली. "पन आता आनखी कमी होनार नाय."

मग सगळा गाव ओरडला.